पोथीपेक्षा उंच गादी

शिवय्या स्वामींच्या जावयानं हैदराबादेहून स्पंजाची गादी आणली, आणि त्या दिवशी मन्नाएखेळ्ळीच्या मठात पुराणाचा अर्थ कुणाच्याच कानात शिरला नाही.

गादी हिरव्या मखमलीची होती. कडेनं जरीची फीत. स्वामींची लेक लक्ष्मम्मा ती दोन्ही हातांवर आडवी धरून अशी आली, जणू नाहूमाखू घातलेलं बाळ पाळण्यात ठेवायला निघालीय. आधी मठाच्या पंचांनी बोटानं दाबून बघितली. मग ज्यांना पंच व्हायचं होतं त्यांनी. बोट काढलं की खळगा आपला आपण भरून यायचा आणि दर खेपेला "आब्बा!" असा आवाज उठायचा. गुरुबाईनं सगळ्यांच्या शेवटी, कुणी बघत नाही असं बघून, हळूच दाबली. खळगा तिच्या बोटाखालीही भरून आला. निदान आपल्यापुरता तरी तो येणार नाही, अशी तिची फार आशा होती.

आता मठात गादीचं काय काम, हे सांगायला हवं. मन्नाएखेळ्ळीत अर्धी माणसं कानडी बोलतात, अर्धी मराठी बोलतात आणि भांडताना सगळी दोन्ही बोलतात. म्हणून श्रावणातल्या पुराणाला कट्ट्यावर दोघं बसतात. शिवय्या स्वामी कानडीतून पोथी वाचतात आणि गुरुबाईचे वडील, कापडाचे व्यापारी काशप्पा, तिचा अर्थ मराठीतून सांगतात. स्वामी वाचतात तेव्हा लोक माना डोलावतात. काशप्पा सांगतात तेव्हा लोक हसतात, रडतात, नाकं पुसतात. यावरून दोघांतलं खरं काम कुणाचं, हे गुरुबाईच्या मते एखाद्या म्हशीलाही कळावं. पण गादी आली ती स्वामींना.

आणि रीत मोठी कडक. एकदा पोथी उघडली की आरती होईतो आसन मोडायचं नाही. पाय बदलायचा नाही, कूस सरकवायची नाही, मुंगी चावली तर शिवाचं नाव घ्यायचं. ज्यानं आसन मोडलं त्याची जागा त्याच दिवशी दुसऱ्याला. पहिल्याच ओळीत तेलाच्या घाण्याचे मालक बंडेप्पा बसत. काशप्पांच्या प्रत्येक वाक्याबरोबर त्यांचेही ओठ हलत आणि डोळे काशप्पांच्या मांडीवर असत. पंगतीत कोण आधी उठतंय याची वाट बघत भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाचे असतात, तसे.

गुरुबाई म्हणजे कुणी आजीबाई नव्हे. नाव आजीचं, वय पंधरा, इयत्ता नववी. पोलीस अॅक्शननंतर शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली, तसे नवे डिप्टीसाहेब तपासणीला आले आणि त्यांनी वर्गाला विचारलं, "माणूस बसतो तेव्हा कशावर बसतो?" कुणी म्हणालं पाटावर, कुणी सतरंजीवर. लक्ष्मम्मा, जी प्रत्येक परीक्षेत पहिली येते आणि जिची वेणी गुडघ्याला लागते, ती म्हणाली, "जमिनीवर, सर." तेव्हा गुरुबाई उठून म्हणाली, "कमरेखालच्या दोन हाडांवर, सर." साहेबांनी "शाब्बास" म्हटलं. त्या दिवसापासून गावातली सगळी हाडं आपल्या ताब्यात आहेत, असं ती वागू लागली होती.

म्हणून त्या रात्री काशप्पा ताट कोनाड्यात ठेवून भिंतीशी उभे राहिले, तेव्हा आधी तिच्याच लक्षात आलं.

"अप्पा, उभ्यानं कामून जेवायलाव?"

"उभ्यानं जेवल्यावर पचतंय चांगलं."

"कुणी सांगितलं?"

"तू गप भाकर वाढ."

काशप्पांनी त्या रात्री हिशेबसुद्धा पालथं पडून केला. मग अव्वानं, म्हणजे गुरुबाईच्या आईनं, नागम्मानं, त्यांना आतल्या खोलीत नेऊन दार लावलं आणि बाहेर आली ती तोंडाला पदर लावूनच.

"लाल भडक झालंय गं. दोन्हीकडं रुपयाएवढं. दाबलं तर जरा बी पांढरं व्हईना. कातडं फाटायला आलंय आणि म्हणायलेत, समाप्तीपर्यंत बसणारच."

"नाही बसलं तर?"

"तर बंडेप्पा हाये की."

गुरुबाईच्या डोळ्यांपुढं बंडेप्पा अर्थ सांगताना उभे राहिले. बंडेप्पांना प्रत्येक गोष्टीत तेल दिसायचं. भक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं, हे ते "जसं घाण्यातून तेल गळतंय" असंच सांगणार. तिच्या अप्पांनी घडवलेलं पुराण घाण्यात जाणार! आणि कारण काय, तर लक्ष्मम्माच्या बापाखाली स्पंज आहे आणि तिच्या बापाखाली कट्ट्याची नुसती सागवानी फळी.

सकाळी शेजारच्या चंद्रभागाबाई उंबऱ्यावर येऊन बसल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना काही सांगावं लागत नसे.

"एरंडाचं पान तापवून बांधा," त्या म्हणाल्या. "न्हाईतर एक सांगू? शिवय्या सामीकडं निरोप धाडा. लई भला माणूस. अर्धा दिवस गादी तुमाला देईल."

"आमाला कुणाची गादी नको," गुरुबाई म्हणाली. "मीच करायलेय. त्यांच्यापेक्षा भारी."

गंमत अशी की स्वामींनी निरोप न मागताच विचारलं होतं. आदल्या दिवशी आरतीनंतर लक्ष्मम्मानं येऊन म्हटलं होतं, "अप्पा म्हणायलेत, काशप्पाकाकांना पाहिजे तर उद्या गादी घ्या म्हणून." गुरुबाईनं तो निरोप घरापर्यंत आणलाच नाही. वाटेत, ओढ्याजवळ कुठंतरी, तो तिच्याकडून सांडला.

पहिली गादी कापसाची झाली. घरचं दुकान, कापडाला तोटा नाही, कापूस गोदामात. गुरुबाईचा हिशोब सरळ होता: थोडा कापूस मऊ, तर जास्त कापूस जास्त मऊ. तिनं लाटण्यानं ठासून ठासून कापूस भरला. शिवण उसवली की दुहेरी घातली. संध्याकाळी ती गादी मठात गेली तेव्हा मोठ्या कलिंगडाच्या आकाराची आणि जवळजवळ तितकीच कडक होती. काशप्पा तिच्यावर बसले आणि डावीकडं घरंगळले. परत बसले, उजवीकडं. शेवटी तोल साधून, दोन्ही हात जरा लांब धरून, त्यांनी अर्थ सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी प्रसंग दोरीवरून चालणाऱ्याचा नव्हता, पण लोकांना तसाच वाटला.

तेवढ्यात मठाचे कारभारी रेवणसिद्धप्पा उभे राहिले.

"थांबा! काशप्पा पोथीपेक्षा वर बसलाय!"

पोथीपेक्षा उंच बसायचं नाही, ही रीत आसनाच्या रीतीपेक्षाही मोठी. स्पंज पातळ म्हणून स्वामी त्याच्यावर बसूनही पोथीच्या खालीच राहत, तेव्हा प्रश्न आला नव्हता. पंचांनी दोरी आणली. एक टोक पोथीच्या चौरंगाला लावलं, दुसरं काशप्पांच्या बैठकीशी धरलं. काशप्पा चार बोटं वर भरले. आता काशप्पांना खाली आणावं की पोथीला वर न्यावं? पंच कानडीत बोलले, मग मराठीत बोलले, मग दोन्हीत. अखेर चौरंगावर दुसरा चौरंग ठेवून पोथी वर नेली. स्वामींना आता हनुवटी उचलून वाचावं लागलं.

लक्ष्मम्मा मागून म्हणाली, "काय गं गुरू, गादी केलीस का गोपूर?"

गुरुबाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याच क्षणी तिनं दुसऱ्या गादीचं नक्की केलं.

दुसरी गादी भुशाची. भुसा सरकतो, अंगाचा आकार घेतो, हे तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तिनं शेतावर हरिबाला निरोप धाडला, "भुसा पाठव." हरिबा त्यांची जमीन बटाईनं करायचा. आज्ञा मोडणं त्याला माहीत नव्हतं. त्यानं पोतं पाठवलं. गुरुबाईनं अभ्यासाच्या घाईत न बघता ते पोत्यासकट खोळीत कोंबलं. अप्पांनी गादीवर बसून पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं सांगितलं, आणि तिसऱ्या वाक्याला त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. समोर बायका हुंदके देऊ लागल्या. एवढा रसाळ अर्थ गेल्या कित्येक श्रावणांत झाला नव्हता. घरी गेल्यावर अव्वानं दिव्याजवळ धरून चिमट्यानं करडईचे काटे काढले.

"हरिबा, करडईचा भुसा कामून दिलास रे?" गुरुबाईनं विचारलं.

"तुमी कशाचा ते कुठं सांगितलाव?" हरिबा म्हणाला. "मला वाटलं, बैलासाठी म्हणून न्हाई सांगितलाव, मंग जाळायलाच पायजे असंल."

खरं तर इथं तिनं थांबायला हवं होतं. पण मठात लक्ष्मम्मा रोज ती हिरवी मखमल झटकून, फुंकर मारून ठेवायची आणि बायका म्हणायच्या, "लेक असावी तर अशी." गुरुबाईला रात्री भाकर गोड लागेना. लक्ष्मम्माचा पहिला नंबर तिनं सोसला होता. वेणी सोसली होती. पण बापाच्या मांडीखालचं प्रेमसुद्धा तिचंच मऊ?

तिसरी गादी विज्ञानाची झाली. गुरुबाईनं शाळेतला हाडांचा तक्ता आठवला. बोचतात ती दोन हाडं. मग ती हाडं कशाला टेकलीच नाहीत तर? मधे भोक ठेवलं आणि हाडं हवेत लोंबली तर? गावातून मोठी सडक जाते, तिच्या कडेला लॉरीचं पंक्चर काढणारे मस्तानभाई बसत. त्यांच्याकडून तिनं एक जुनी ट्यूब आणली, हवा भरून घेतली, वर काळ्या रेशमाची खोळ घातली. गोल, फुगीर, काळीभोर. तिला वाटलं, डिप्टीसाहेबांना पत्र लिहून कळवावं.

ट्यूब बरीच उंच होती. पंचांची दोरी आता रोज कट्ट्याला बांधलेलीच असे. पोथीखाली तिसरा चौरंग गेला. स्वामी मान मागं टाकून, आभाळातला पतंग बघितल्यासारखं, कानडी ओव्या वाचू लागले आणि मधून मधून त्यांचा कंठ आवळून बारीक आवाज निघू लागला.

त्या दिवशी प्रसंग भक्ताच्या कैलासगमनाचा. काशप्पा रंगात आले.

"देह इथं खालीच राहिला बरं का," त्यांनी हात वर केला, "आणि जीव निघाला वर!"

ट्यूबमधून बारीक सूं असा आवाज आला.

"वर... वर... ढगांच्या वर..."

काशप्पा खाली चालले होते. अगदी सावकाश, डौलानं, मांडी न मोडता. समोरच्या लोकांना आधी चौरंगांच्या वर त्यांचं पोट दिसत होतं, मग नुसती छाती दिसू लागली. जीव कैलासाच्या दाराशी पोचला तेव्हा काशप्पांची दाढी चौरंगाच्या कडेला लागली होती. बंडेप्पांना हसू आवरेना. ते उपरण्यात तोंड घालून बसले. आणि काशप्पांना आरतीनंतर उठवायला दोन माणसं लागली, कारण ट्यूबच्या कड्यानं दोन्ही पाय मेल्यासारखे बधीर झाले होते.

"उद्या कसं करताव, काशप्पा?" बंडेप्पांनी फार मायेनं विचारलं. "समाप्ती हाये. मी हाये म्हणा इथंच."

घरी अव्वानं आतून ओरडून सांगितलं की आता कातडं फाटलंय. तेव्हा काशप्पांना बैलगाडीत पालथं घालून दवाखान्यात नेलं. गुरुबाई पडद्याबाहेर उभी राहिली. डाक्टरसाहेब हैदराबादचे, बोलणं दख्खनी.

"कित्ती देर बैठते तुम, हिले बगैर?"

"पोथी मिटेपर्यंत," काशप्पा पालथ्यानंच अभिमानानं म्हणाले. "केसाएवढं हलत न्हाई."

"तो फिर क्या होना? ऊपर से हड्डी दबाती, नीचे से तख्ता दबाता, बीच का गोश्त कहां जाना? दबा तो खून रुका. खून रुका तो चमडी मरी. ऊपर से जित्ता दिखता, अंदर उससे जास्ती रहता."

गुरुबाईनं पडद्याआडून विचारलं, "और वो बीच में सुराखवाली गादी?"

"वो कौन अकलमंद का काम है? सुराख की कड तो चारों बाजू से कसती, जैसे गले में रस्सी. बीच में खून आना किधर से?" डाक्टरसाहेब हात धूत म्हणाले. "और गादी कडक भरे तो पत्थर. नरम होना, मोटी बी होना, के बैठने के बाद बी नीचे थोडी बाकी रहे. वो स्वामी की स्पंज देखो. पतली. ऊपर मखमल ऐसी तान के सिए के नगारा बजा लो. कल उनकू बी इधरिच पट्टी बांधा मैं."

गुरुबाईला क्षणभर कळेना आपण काय ऐकलं. स्वामींनाही! स्पंजावर बसूनही! तिच्या पोटात एवढा मोठा आनंद उसळला की तो बाहेर येऊ नये म्हणून तिनं पडद्याची कड दातांत धरली. अप्पा आत कण्हत होते आणि ती बाहेर पडदा चावत हसत होती. मग तिला स्वतःची जरा लाज वाटली. फार नाही. पण वाटली.

"मग कोणती गादी घेऊ, डाक्टरसाब?" काशप्पांनी विचारलं.

"कोई बी लो. पन थोडे थोडे देर से उठो. जरा वजन उठाओ, खून जाने दो, फिर बैठो. बगैर उठे बैठने की गादी अबी दुनिया में बनी नहीं."

परतताना काशप्पा गाडीत पालथे पडून बोलत होते, "संपलं माय. आसन मोडल्याबगैर उठायचं कसं? उद्या बंडेप्पा सांगू दे."

त्यांचा आवाज गाडीच्या फळीत जात होता. गुरुबाईला हसू यायचं थांबलं. समोर बसून रडणाऱ्या, हसणाऱ्या त्या सगळ्या माणसांना श्रावणात अर्थ सांगायला मिळावा म्हणून अप्पा वर्षभर दुकानात कापड फाडत बसायचे. दुसरं त्यांना काही नको असायचं.

ती विचार करू लागली. मठात एवढी माणसं बसतात, त्यांना कुणाला का नाही होत? कारण ती बसतच नाहीत. "हर हर महादेव" झालं की हात वर करतात, अर्धी उठतात, पदर सावरतात, पोराला या मांडीवरून त्या मांडीवर घेतात. जयघोषाला हलणं म्हणजे हलणं नव्हेच, ती भक्ती! मग कट्ट्यावरच्यांनी दोन्ही हात वर करून, गुडघ्यांवर होऊन, भक्तीनं उठलं तर?

पण एकट्या अप्पांनी उठून भागणार नव्हतं. एकटे उठले तर ते आसन मोडणं. दोघं एकदम उठले तर तो भाव. म्हणजे लक्ष्मम्माला सांगणं आलं. गुरुबाईनं दुसरा उपाय खूप शोधला. देवाशपथ शोधला.

त्याच रात्री ती स्वामींकडं गेली, तेव्हा लक्ष्मम्मा अंगणात कंदिलाशी मखमलीची ताणलेली शिवण उसवत बसली होती. गुरुबाईला बघून तिनं गादी पाठीमागं लपवली.

"काय गं? आज कशाची गादी? दगडाची?"

"मला सगळं ठावं हाये. तुझे अप्पा पालथे निजायलेत."

लक्ष्मम्माचं तोंड एवढंसं झालं. "कुणाला सांगू नको गं. जावयाची गादी हाये. अक्काला सासरी बोलणी बसतील."

"न्हाई सांगत. ऐक."

गुरुबाईनं सांगितलं. सांगताना डाक्टरांच्या निम्म्या गोष्टी तिनं स्वतःच्या म्हणून घातल्या, पण औषध पोचलं. लक्ष्मम्मानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला कसं सुचतंय गं असं?" हे वाक्य गुरुबाईनं मनात घडी घालून ठेवलं. अजून आहे.

समाप्तीच्या दिवशी मठात मुंगीला जागा नव्हती. सकाळीच तिसरा चौरंग डुगडुगून पोथी पडता पडता राहिली होती, म्हणून रेवणसिद्धप्पांनी सगळ्या गाद्यांवर बंदी घातली. दोघं बाप पट्ट्या बांधून नुसत्या घोंगडीवर बसले. बंडेप्पा नवं धोतर नेसून, घसा खाकरून, पहिल्या ओळीत.

पहिला अध्याय झाला. काशप्पांच्या कपाळावर घाम. गुरुबाईनं बायकांतून लक्ष्मम्माकडं बघितलं. दोघींनी एकदम गळा काढला, "हर हर..."

"...महादेव!" मठ गरजला, आणि शिवय्या स्वामी व काशप्पा दोघंही हात वर करून गुडघ्यांवर ताठ उभे झाले.

रेवणसिद्धप्पांचं तोंड उघडं. मग मागून कुणी म्हातारी रडत ओरडली, "अगं बाई, अंगात भाव आला!" आणि सगळा मठ उठून उभा राहिला. बसला. पुढच्या जयघोषाला पुन्हा उठला. त्या दिवशी मन्नाएखेळ्ळीत एवढे जयघोष झाले की सडकेवरच्या लॉऱ्या थांबल्या. भक्तीत मागं पडायला नको म्हणून बंडेप्पाही प्रत्येक वेळी उठत होते. शेवटी त्यांचे गुडघे धरले आणि त्यांना दोघांनी उचलून ओसरीवर नेलं.

काशप्पांनी शेवटचा अर्थ सांगितला, पोथी मिटली, आरती झाली. खाली उतरताना त्यांनी गुरुबाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बसलो गं शेवटपर्यंत."

इतकं छान चाललं होतं. मग रेवणसिद्धप्पा बोलायला उठले.

"आज शिवय्या स्वामींनी आधी उठून आपल्याला भक्ती दाखवली," ते म्हणाले. "मखमलीची गादी सोडून घोंगडीवर बसले! आणि त्यांच्यामागं काशप्पाही उठले."

त्यांच्यामागं! लक्ष्मम्मा गुरुबाईच्या कानाशी येऊन म्हणाली, "मी सांगू का सगळ्यांना, तुझी युक्ती म्हणून?"

गुरुबाईनं मान ताठ केली. "नको. राहू दे."

"बरं," लक्ष्मम्मा म्हणाली.

तिनं आणखी एकदा तरी विचारायला हवं होतं, असं गुरुबाईचं आजही मत आहे.

शेवटी राहिली गादी. स्वामी परत घेईनात, आणि नको म्हणून जावयाला परतही धाडता येईना. पंचांनी पुष्कळ विचार केला आणि पोथीपेक्षा उंच कुणी बसायचा प्रश्नच कायमचा मिटावा म्हणून गादी चौरंगावर घातली. तिच्यावर पोथी ठेवली.

गुरुबाई शाळेतून येताना मठात डोकावते. गादीच्या कडेला बोट दाबते. खळगा आपला आपण भरून येतो. पोथीला हाड नाही, मांस नाही, रक्त नाही. ती वर्षभर हिरव्या मखमलीवर निवांत बसलेली असते आणि येणारा जाणारा तिच्या पाया पडतो. लक्ष्मम्माचं आता गुरुबाईला फारसं काही वाटत नाही. तिला पोथीचा हेवा वाटतो.